'माझा हिरो' या निबंधाबद्दल सोलापुरातल्या मराठीच्या शिक्षकांना खुलं पत्र

सोलापुरातल्या सगळ्या शाळांमधल्या मराठीच्या सरांना, मॅडमना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

मी स्वतः शिक्षिका नाही. शहरातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेली अकरा वर्षं डिझाइनचं काम करते, म्हणजे चौकाचौकात जी डिजिटलं लागतात त्यावरचा मजकूर टाईप करायचा, फोटो कापायचे, फॉन्ट बसवायचा. वाढदिवसाच्या एका डिजिटलवर तीसेक फोटो असतात आणि सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोखाली काय लिहायचं ते पोरं मागं उभं राहून सांगतात, 'ताई, रिअल हिरो टाका', 'ताई, गल्लीचा हिरो टाका जरा मोठ्या अक्षरात'. किती वेळा टाकला असेल हा शब्द, मोजला नाही कधी. आणि एवढ्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की हा शब्द आला कुठनं.

ते मनात आलं माझ्या भाच्यामुळं. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, आठवीत आहे. त्याला वर्गात निबंध दिला होता 'माझा हिरो'. बाकीच्यांनी क्रिकेटवाले, पिच्चरवाले घेतले, यानं आज्जीवर लिहिला. त्याची आज्जी म्हणजे माझी आई. आई विड्या वळते, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून वळतेय. पोरानं लिहिलं होतं की आजोबांची मिल बंद पडल्यावर आज्जीनं घर राखलं. पुढं लिहिलं होतं की ती पहाटे ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं सोडते, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं एकेक पान कापते, सूप मांडीवर घेते, तंबाखू भरते, वळते, दोरा बांधते, तोंड नखानं मुडपते आणि हे सगळं ती न बघता करते, बघत असते दारातून कोण आलं कोण गेलं ते. शेवटी लिहिलं होतं, 'कारखान्यात छाट काढली की आज्जी भांडत नाही, घरी येऊन पुन्हा तेवढ्या वळते.' छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. आठवीच्या पोराचं वाक्य आहे हे, मला तरी असं लिहिता आलं नसतं.

वहीत त्यावर लाल रेघ आली आणि खाली शेरा, 'विषयाला धरून नाही. हिरो म्हणजे प्रसिद्ध थोर व्यक्ती. पुन्हा लिहिणे.' त्यानं पुन्हा लिहिला, एका क्रिकेटपटूवर, दहापैकी आठ मिळाले.

शाळेचं नाव घेणार नाही, शिक्षकांवर रागही नाही माझा. साठ-साठ वह्या तपासायच्या असतात, परीक्षेत मुद्दे यावेत म्हणून प्रसिद्ध माणूस सुचवतात, हे मला कळतं. पण त्या संध्याकाळी पहिला निबंध मी आईला वाचून दाखवला, तिला वाचता येत नाही, आणि ती म्हणाली, 'हिरो म्हंजे पिच्चरमधला न्हवं का गं? मी कशी?' मला उत्तर देता येईना. अकरा वर्षं टाईप केलेला शब्द आणि त्याचा अर्थ आईला सांगता येईना, हे मला फार लागलं. मग दोन-अडीच महिने रात्री मोबाईलवर आणि रविवारी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जे वाचलं, ते तुम्हा सगळ्यांसमोर मांडतेय, कारण ज्या शेऱ्यावरून हे सुरू झालं तो शेरा मला आता चुकीचा वाटतो आणि का वाटतो ते सांगायचंय.

शब्द मुळात ग्रीक. हेरोस. तिथनं लॅटिनमध्ये, फ्रेंचमध्ये, मग चौदाव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडं. आपण जो अर्थ घेतो ना, गोष्टीतलं किंवा नाटकातलं मुख्य पात्र, तो तर इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी आला. तोवर हिरो हा स्टेजवर नव्हताच.

मग होता कुठं? तर जमिनीखाली होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं तशीच बसले. ग्रीक गावांमध्ये हेरोस म्हणजे मेलेला माणूस, ज्याचं थडगं गावात आहे, वेशीपाशी किंवा चौकात, आणि जो मेल्यानंतर त्या गावाला राखतो, कोपला तर त्रासही देतो. त्याला नैवेद्य जायचा, बळी जायचा, काही ठिकाणी बळीचं रक्त थडग्याच्या दिशेनं जमिनीत सोडायचे. देव सगळ्यांचे, पण हेरोस ज्याच्या त्याच्या गावाचा. त्याची हाडं जिथं, तिथंच त्याची ताकद. म्हणून तर अथेन्सच्या किमोन नावाच्या सेनापतीनं इसवीसनपूर्व ४७५ च्या सुमाराला स्कायरोस बेटावरनं थेसियसची, म्हणजे अथेन्सच्या दंतकथेतल्या राजाची म्हणून मानलेली हाडं वाजतगाजत अथेन्सला आणली. हाडं आली म्हणजे हिरो गावाला आला.

आता तुम्हीच सांगा, हे वाचून आपल्याकडच्या कुणाला काय आठवेल. मला आठवला आमच्या देव्हाऱ्यातला वीराचा टाक. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. लहानपणी मी त्याला खंडोबा समजायचे, आई म्हणायची 'खंडोबा वायला, ह्यो आपला वीर हाय.' आपला म्हणजे आपल्या घराण्यातला, कधी काळी मेलेला. नाव कुणाला माहिती नाही, पण सणावाराला त्याच्यापुढं नैवेद्य ठेवल्याशिवाय आम्ही जेवत नाही. नाशिककडं धुळवडीला वीर नाचवतात तेही ह्याच घराण्याच्या वीरांसाठी. 'हेरोस'ला मराठीत सगळ्यात जवळ जाणारी वस्तू शोधायची तर मी डिजिटलवरच्या फोटोपेक्षा तो टाक दाखवीन.

आणि दुसरी वस्तू वीरगळ. आपल्या जिल्ह्यात हे शब्द समजावून सांगायला लागत नाहीत, अर्ध्या लोकांना कानडी येतं, वीर आणि कल्लू, वीराचा दगड. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. तिथं मारुतीच्या देवळामागं एक दगड अर्धा मातीत आहे, त्याला शेंदूर फासलेला, शनिवारी तेल घालतात. लहानपणी त्यावर पाय ठेवून आम्ही चिंचा पाडायचो आणि मार खायचो. दिवाळीत गेले तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला, माती बाजूला केली, पाणी ओतलं. खालच्या चौकटीत दोन माणसं भिडलीत, एकाच्या हातात ढाल आहे आणि बाजूला गाई कोरल्यात, तीन तरी गाई, म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना मेलेला माणूस हा. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून अप्सरा वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे राहील. नाव कुठंच नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतंच. मामाला विचारलं कोणाचा हा, तो म्हणाला 'गावाचा'.

'प्रसिद्ध व्यक्ती' हा शेरा त्या दगडाला कसा लावायचा, सांगा सर.

बरं, थोर तरी असायलाच हवा का हेरोस? इथं मात्र माझी स्वतःचीच समजूत मोडली. मला वाटत होतं हिरो म्हणजे निदान चांगला माणूस. तर एक गोष्ट आहे क्लेओमेडेस नावाच्या मुष्टियोद्ध्याची, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातली, पावसानियास नावाच्या प्रवाशानं नंतर लिहून ठेवलेली. ऑलिंपिकमध्ये यानं समोरच्याला ठार मारलं, पंचांनी विजय काढून घेतला, त्या दुःखात त्याचं डोकं फिरलं. गावी आला आणि शाळेत घुसून छताला पेलणारा खांब ओढून पाडला, आत साठेक मुलं होती, छत त्यांच्यावर पडलं. लोक दगड घेऊन मागं लागले, तो देवळात शिरून एका पेटीत लपला आणि आतून झाकण धरून बसला. पेटी फोडली तर आत कुणीच नाही, जिवंतही नाही, मेलेलाही नाही. मग डेल्फीच्या देववाणीला विचारलं, उत्तर आलं, हा शेवटचा हेरोस, याला नैवेद्य द्या. आणि त्या गावानं दिला. साठ मुलं मारणाऱ्याला! दोन रात्री झोप नीट लागली नाही मला हे वाचून, आणि पटत तर अजूनही नाही. पण मुद्दा कळला, त्या लोकांसाठी हेरोस म्हणजे सद्गुणी माणूस नव्हे, ज्याच्या मरणात काहीतरी जबरदस्त, माणसाच्या आवाक्याबाहेरचं घडलं तो. आदर्श वगैरे आपण नंतर चिकटवलेलं आहे. म्हणून प्रश्नपत्रिकेत 'माझा आदर्श' आणि 'माझा हिरो' हे एकच असल्यासारखं देतात तेही मला आता खटकतं.

शब्दाचं मूळ काय, यावर पूर्वीचे अभ्यासक म्हणायचे की 'राखणं' या अर्थाच्या एका जुन्या धातूवरून आला असावा, लॅटिनमध्ये सेर्वारे आहे त्याच्याशी जोडायचे. हेरोस म्हणजे राखणदार. मला हे इतकं आवडलं, भाच्याच्या वहीत 'घर राखलं' होतं ना! पण खरं ते सांगते, आज बरेच जण हे मानत नाहीत. ग्रीसमध्ये पायलोस नावाच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या, इसवीसनपूर्व १२०० च्या आसपासच्या, वाड्याला आग लागली तेव्हा भाजून निघाल्या म्हणून टिकल्या. त्यावर कुणाकुणाला काय अर्पण करायचं याच्या याद्या आहेत आणि त्यात 'तीनदा हेरोस' असा एक शब्द आहे. राखण्याच्या धातूवरून आला असता तर त्यात 'व' उमटायला पाहिजे होता, त्या लिपीत 'व' लिहायची सोय होती, पण नाही उमटला. म्हणून काहींचं मत की हा शब्द ग्रीकांच्याही आधीचा, ते तिथं येण्यापूर्वी जे लोक राहायचे त्यांचा. तर राखणदार हा अर्थ शब्दाच्या पोटातून निघत नाही, पण काम मात्र तो तेच करायचा.

आपला 'वीर' याच्याशी नात्यानं लागत नाही, त्याचे सोयरे वेगळे. संस्कृतातला वीर आणि लॅटिनमधला वीर एकाच मुळाचे, लॅटिनमध्ये अर्थ नुसता पुरुष. आणि आपल्याकडं वीर फक्त तलवारीवाला कधीच नव्हता हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. युद्धवीर, दानवीर, धर्मवीर आणि साहित्यदर्पण या संस्कृत ग्रंथात तर दयावीरसुद्धा. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना काय, तर उत्साह. राग नाही, मारामारी नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत कुणाशी लढले? दुष्काळात सरकारी कोठारं उघडली उपाशी माणसांसाठी, सुलतानाची भीती न बाळगता, एवढीच कथा. आणि 'नायक' तर 'नेणे' या धातूवरून, जो कथेला शेवटापर्यंत नेतो तो. सिनेमातल्या हिरोला खरं म्हणजे नायक म्हणायचं, धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे चार प्रकार त्याचेच. हिरो हा एकच शब्द टाईप करून आपण वीर, नायक, आदर्श, हुतात्मा हे सगळे एका पोत्यात भरतो, आणि मग पोरांनी त्यातून कुठला काढावा हे त्यांना कळत नाही.

हुतात्मा म्हटलं की सोलापूरकराला सांगायला लागत नाही. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग, फाशी. त्याच्या आधीच्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर उठलं होतं, काही दिवस इथं इंग्रजांचा अंमल चालला नाही, मग १२ मे १९३० पासून मार्शल लॉ, नुसती गांधी टोपी घातली तरी गुन्हा. या चौघांची नावं नुसती ओळीनं म्हणा, सगळं सोलापूर त्यात येतं. पण परवा मी आमच्या गल्लीतल्या सातवी-आठवीच्या नऊ मुलांना विचारलं की चौकातले चार पुतळे कुणाचे, तर चारही नावं फक्त एका मुलीला आली. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आलेली मुलं होती ती. यात मुलांची चूक नाही म्हणत मी.

अथेन्समध्येही असंच होतं, म्हणजे चौकात पुतळे. इसवीसनपूर्व ५०८ च्या सुमाराला क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्यानं नागरिकांचे दहा गट पाडले आणि प्रत्येक गटाला एका हेरोसचं नाव दिलं. त्या दहा जणांचे ब्राँझचे पुतळे पुढं बाजारपेठेत एका लांब चौथऱ्यावर ओळीनं उभे होते आणि त्या चौथऱ्यावर नोटिसा लागायच्या. नवीन कायदा येतोय, सैन्यात कुणाला बोलावलंय, सगळं आपापल्या हेरोसच्या पायाशी जाऊन वाचायचं. माझ्या धंद्यातली असल्यामुळं मला हे फार जवळचं वाटलं. तिथं पुतळ्याखाली गावाचं कामकाज लागायचं आणि हिरो वर होता. आपण पुतळ्याच्या समोर डिजिटल लावतो, त्यात हिरो दुसराच असतो आणि मागचा पुतळा झाकला जातो. असलं डिजिटल मी स्वतः बनवलेलं आहे, चार पुतळ्यांपाशी लागलेलं, रिक्षातून जाताना बघितलं आणि उतरून जाऊन काढावंसं वाटलं. आता दुकानात मालकांना सांगितलंय की पुतळा झाकेल अशी साईज मी करणार नाही, त्यांनी ऐकलं, दोन ऑर्डरी गेल्या.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसही आपलेच, १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर ऑपरेशनं करत राहिले, पथकातले काही जण लवकर परतले तरी हे राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. तिकडं चीनमध्ये त्यांच्या समाधीवर लोक फुलं वाहतात. जुन्या ग्रीक अर्थानं बघितलं तर त्यांची हाडं जिथं आहेत त्या गावाचे ते हेरोस झाले, आणि आपल्याकडं आहे ते त्यांचं घर, भैय्या चौकातलं. सहलीला हैदराबादला नेता तसं एकदा चालत तिथं न्या मुलांना.

आता परत माझ्या आईकडं येते. कुणी म्हणेल की ताई, तुम्हीच सांगताय हेरोस म्हणजे मेलेला, थडग्यातला, मग जिवंत विडी कामगार बाई कशी बसते त्यात? मलाही हाच प्रश्न पडला होता आणि मी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं की चला, शेरा दुसऱ्या कारणानं का होईना बरोबर. मग होमर या ग्रीक कवीपाशी थांबले. पायलोसच्या पाट्यांनंतरचा, पण किमोन, क्लेओमेडेस या सगळ्यांच्या आधीचा, आणि त्याच्याकडं हेरोस हा शब्द जिवंत माणसांना लागतो. अकिलीससारख्या योद्ध्यांना तर लागतोच, पण त्याच्या ओडिसी या महाकाव्यात देमोदोकोस नावाचा एक आंधळा गवई आहे, दुसऱ्याच्या घरी जेवणावळीत गाणारा. काव्याचा नायक ओडिसियस त्याला आपल्या ताटातला डुकराच्या मटणाचा चांगला तुकडा पाठवतो, आणि तिथं होमर म्हणतो, हेरोस देमोदोकोस. आणखी एक मुलियोस नावाचा माणूस आहे, दवंडीवाला, लोकांना पेले भरून देण्याचं काम करतो, त्यालाही हेरोस. यातला कुणी राजा नाही, तलवार घेऊन उभा नाही. आपापलं काम हातात घेऊन उभी असलेली माणसं आहेत, आणि ज्या कवीमुळं हा शब्द जगाला माहीत झाला तोच त्यांना हेरोस म्हणतो.

म्हणजे माझ्या भाच्याच्या बाजूनं होमर आहे, सर. आठवीच्या पोराला एवढा मोठा वकील मिळाल्यावर आत्यानं गप्प बसायचं का?

माझं मागणं फार मोठं नाही. क्रिकेटपटूवर लिहू नका असं मुलांना सांगा असं मी म्हणत नाही, खुशाल लिहू दे, आवडतो त्यांना तो. फक्त एखाद्यानं आज्जीवर, कचरा गाडीवाल्या काकांवर, एसटीच्या कंडक्टर मावशीवर लिहिलं तर 'विषयाला धरून नाही' हा शेरा देऊ नका. मार्क शुद्धलेखनाचे कापा, मांडणीचे कापा, माणूस चुकीचा निवडला म्हणून कापू नका. निबंध द्यायच्या आधी एक तास या शब्दावर घ्या, टाक म्हणजे काय, वीरगळ म्हणजे काय, कुणाच्या घरात आहे, कुणाच्या गावात आहे, मुलं इतकं सांगतील की तास पुरणार नाही. कुंभारीच्या, मंद्रूपच्या, वळसंगच्या पोरांना विचारून बघा. आणि १२ जानेवारीला गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत का होईना, मुलांना घेऊन चार पुतळ्यांपाशी अर्धा तास थांबा, चार नावं त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. त्यासाठी मुलांच्या हातात द्यायला चौघांची नावं आणि तारखांचा छोटा फलक लागला तर मी करून देईन, डिझाइनचे पैसे घेणार नाही, छपाईचं मालकांशी बोलते.

भाच्याचा मूळ निबंध या पत्रासोबत छापायचा विचार होता. पण वहीचं ते पान फाडून आईनं तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, रेशन कार्ड आणि विडी कामगाराच्या ओळखपत्राबरोबर, आणि मागितलं तर म्हणते, 'ऱ्हाऊ दे, झेरॉक्सला नेशील आन हरवून येशील.'

आपली,
आठवीतल्या एका मुलाची आत्या
सोलापूर